विज्ञानकथेतल्या लेखिका कुठल्या कपाटात सापडतात?

वाचनालयाच्या खिडकीवर ‘विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखिका कोण आहेत?’ असं विचारलंत, तर बहुधा नारळीकरांचं पुस्तक हातात पडेल. पुस्तक उत्तमच, पण तुमचा प्रश्न तिथंच राहतो. तेव्हा विषय सांगत बसू नका, नाव सांगा. म्हणजे आधी नावं जमवायची.

मराठीत शुभदा गोगटे आणि मेघश्री दळवी यांच्यापासून सुरुवात करा. गोगट्यांची ‘यंत्रायणी’ मागताना शीर्षकही सांगा. नुसतं आडनाव सांगितलंत तर त्यांचीच ‘खंडाळ्याच्या घाटासाठी’ पुढ्यात येईल. ती वाचाच, पण ती घाटातल्या रेल्वेची कादंबरी आहे.

कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं. अशा जुन्या वाचनालयात विज्ञानकथेला स्वतंत्र कपाट असेलच असं धरून चालू नका. कादंबरी, कथासंग्रह, बालवाङ्मय आणि विज्ञान असे चारही विभाग बघा. शीर्षकात यंत्र किंवा ग्रह दिसला की पुस्तक कधी मुलांच्या फळीवर जातं, कधी थेट मोटार दुरुस्तीच्या शेजारी. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणारी ड्यूई पद्धत असेल तिथं मराठी कथा-कादंबरी 891.463 वर, अमेरिकन 813 वर आणि ब्रिटिश 823 वर.

बऱ्याच मराठी विज्ञानकथा दिवाळी अंकांतच राहून गेल्यात. अंक घेतला की आधी अनुक्रमणिका उघडा आणि लेखिका, कथा, अंक, वर्ष वहीत टिपून ठेवा. रद्दीतून ‘नवल’सारखे जुने अंक उचलताना पहिली पानं तपासा; नेमकं अनुक्रमणिकेचंच पान गळलेलं असतं.

इंग्रजीत वेगळी अडचण. तिथं नाव पाहून बाई ओळखू येईलच असं नाही. जेम्स टिपट्री ज्युनियर म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन. हे 1977 पर्यंत वाचकांना ठाऊक नव्हतं. आंद्रे नॉर्टन म्हणजे अ‍ॅलिस मेरी नॉर्टन. सी. एल. मूर यांनी आद्याक्षरं घेतली ती पुरुष वाटावं म्हणून नव्हे, त्या बँकेत नोकरीला होत्या आणि जोडकमाई साहेबांना कळू द्यायची नव्हती! म्हणून आद्याक्षरं दिसली की आयएसएफडीबी (ISFDB) या विज्ञानकथांच्या सूचीच्या मोफत संकेतस्थळावर नाव टाका. खरं नाव, टोपणनावं आणि कथा कुठल्या साली कुठं छापली, सगळं एका पानावर मिळतं.

पहिलं पुस्तक जाडजूड नको. रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ (1905) एका बैठकीत संपते. तिच्यात पुरुष घरात कोंडलेले आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात. मेरी शेलींची ‘फ्रँकेन्स्टाइन’ 1818 मध्ये लेखिकेच्या नावाविना आली. गोष्ट सुचली कशी, हे त्यांनी 1831 च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलं. ती प्रस्तावना असलेली प्रत शोधा. अद्भुताची ओढ असेल तर उर्सुला ल ग्विन यांची ‘अर्थसी’ मालिका: 1968, 1971, 1972, मग एकदम 1990. चौथं पुस्तक आधी उचललंत तर दुसऱ्यातली तेनार कोण, तेच कळणार नाही.

संगणकावर शोधताना स्पेलिंग फसवतं. रुकय्या, रोकेया, बेगम रोकेया. ल ग्विन, ले ग्विन, लेग्विन. एकावर काही आलं नाही तर पुढचं टाका, आणि ज्यावर पुस्तक मिळालं ते वहीत नावासमोर लिहून ठेवा.