शिकारीच्या रायफलसाठी हँडलोड कसा बनवायचा (थ्री-झिरो-एट आणि बोल्ट ॲक्शनवाल्यांसाठी)

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी काहीजण आता हरणाच्या सीझनला लायसन काढून जायला लागलेत, आणि एक-दोन सीझन झाले की हमखास प्रश्न येतो, काडतुसं घरीच भरली तर? तर हे सगळं त्यांच्यासाठी. असं घरी भरलेलं काडतूस म्हणजे हँडलोड, थ्री-झिरो-एट म्हणजे .३०८ विंचेस्टर हे काडतूस, आणि बोल्ट ॲक्शन म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायची रायफल. भारतातल्यांनी वाचा नि सोडून द्या, तिकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली, आणि लायसनशिवाय काडतूस बनवणं हा सरळ गुन्हा आहे.

आधी पैशाचं बोलूया, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. पैसे वाचत नाहीत हो. एका काडतुसाचा खर्च कमी येतो हे खरं, पण मग माणूस जास्त मारायला लागतो आणि प्रेस (काडतूस भरायचं यंत्र), डाय (त्यात लावायचा साचा), वजनकाटा, मापाचा कॅलिपर यांचं बिल वेगळंच. खरा फायदा हा की तुमच्या रायफलला जे आवडतं ते तुम्ही बनवू शकता, शिवाय हवी ती गोळी वापरता येते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही, तिथे तांब्याची गोळी लागते, आणि दुकानात आपल्या वजनाची मिळेलच असं नाही.

मी इथे पावडरचा, म्हणजे बारूद किती भरायची त्याचा, आकडा देणार नाही, आणि कोणी नेटवर दिला तरी तो वापरू नका. हॉर्नडी, सिएरा, नॉस्लर, लायमन, यांपैकी कुठल्याही कंपनीचं काडतूस भरायचं मॅन्युअल, चालू आवृत्तीचं, विकत घ्या, शक्यतो जी गोळी वापरणार त्याच कंपनीचं. पावडर कंपन्या आपले आकडे वेबसाइटवर फुकट देतात, तेही शेजारी ठेवून ताडून बघा.

सुरुवात गोळीपासून करायची, पावडरपासून नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला थ्री-झिरो-एटमध्ये १५० किंवा १६५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) साधी शिकारी गोळी भरपूर झाली. टार्गेटची गोळी कागदावर सुंदर ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) देते म्हणून ती शिकारीला नेणारे लोक असतात, कृपा करून नेऊ नका, ती अंगात कशी वागेल याचा भरवसा नसतो. तांब्याची घेणार असाल तर लक्षात ठेवा, तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला नळीचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा) जास्त लागतो. १२ इंचात एक फेरा असलेली जुनी नळी असेल तर वजन थोडं खाली आणा.

मग पावडर. या काडतुसाला व्हारगेट आणि आयएमआर ४०६४ ही नावं सगळीकडे दिसतील, दोन्ही चांगल्या. मी व्हारगेटकडे झुकतो कारण तिच्यावर तापमानाचा फरक कमी पडतो, आणि आपण लोड (गोळी, पावडर, केस यांचा जुळवलेला मेळ) बनवतो ऑगस्टच्या उकाड्यात नि शिकार करतो बर्फात. एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात लिहून भिंतीवर लावा: एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आकडा सारखा असला म्हणून एकीचं माप दुसरीला लावायचं नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा, काम झालं की पावडर परत त्याच डब्यात. फोन लांब, सिगरेट लांब, डोळ्यांना चष्मा.

आता केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, जे मारल्यावर पुन्हा भरता येतं. खरी मेहनत इथे आहे आणि लोक इथेच घाई करतात. सगळ्या एकाच कंपनीच्या घ्या, कारण आतली जागा कंपनीगणिक बदलते आणि प्रेशर त्यावरच ठरतं. पुसायच्या, लूब म्हणजे वंगण लावायचं (कमी झालं तर केस डायमध्ये अडकून बसते आणि पूर्ण दिवस जातो, जास्त झालं तर केसच्या खांद्यावर, म्हणजे ती तोंडाकडे निमुळती होते तिथे, पोचा येतो), आणि फुल लेंग्थ डायमधून (ती फुगलेली पूर्ण केस दाबून मापात आणते) काढायच्या. नुसती नेक सायझिंग (फक्त तोंडाकडचा भाग दाबणं) करा म्हणणारे भेटतील, टार्गेटवाल्यांचं ते जाणोत, पण शिकारीत बोल्ट बोटाने बंद झाला पाहिजे, थंडीत ग्लोव्ह घालून. मात्र डाय पार खाली आपटवायची पण नाही. मारलेल्या केसचा खांदा कंपॅरेटर (कॅलिपरला लावायचं जोडमाप) लावून मोजा, आणि डाय थोडी थोडी खाली घेत तो फक्त इंचाचे दोन हजारांश मागे ढकला. जास्त ढकलला तर प्रत्येक फायरला केस बुडाजवळ ताणली जाते आणि चार-सहा वेळा भरल्यावर तिथूनच तुटते. तुटण्याआधी बुडाच्या वर एक चकचकीत रिंग दिसते, पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवलं की खाच हाताला कळते. अशी केस फेकून द्या, पितळेचं प्रेम नको.

लांबी मोजा. या काडतुसाच्या केसची कमाल लांबी २.०१५ इंच, त्यापुढे गेली की ट्रिम करून २.००५ वर आणायची आणि तोंडाची धार आतून-बाहेरून काढायची. प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बसवताना तो बुडाच्या पातळीच्या किंचित खाली जायला हवा, प्रत्येकावर बोट फिरवून बघा.

पावडर भरताना मॅन्युअलचा स्टार्टिंग लोड म्हणजे स्टार्टिंग लोड, मधून सुरू करायचं नाही. तिथून ०.३ ग्रेनच्या पायऱ्यांनी वर, आणि मॅक्सिमम लिहिलंय तिथे थांबायचं. भरून झाल्यावर गोळ्या बसवायच्या आधी पूर्ण ट्रेवर टॉर्च मारून सगळ्या केसमधली पावडर एका पातळीला आहे का बघा, हे एक काम कधीच चुकवू नका.

गोळी किती खोल बसवायची यावर लोक रात्र रात्र भांडतात. शिकारीच्या रायफलला उत्तर सोपं आहे: मॅगझिनमध्ये मावली पाहिजे (स्टँडर्ड कमाल लांबी २.८१० इंच) आणि नळीच्या पिळाला टेकता कामा नये. टेकलेली गोळी काडतूस बाहेर काढताना नळीतच अडकून राहू शकते, मग सगळी पावडर ॲक्शनमध्ये सांडते आणि तुमची शिकार तिथेच संपली. मॅन्युअलच्या लांबीपासून सुरू करा. तांब्याच्या गोळीला पिळापासून सुमारे ०.०५० इंच अंतर ठेवलं की बऱ्याचदा ती खूश असते.

रेंजवर खालच्या लोडपासून वर जायचं. बोल्ट उचलायला जड गेला, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा आला, तर थांबा, त्याच्या वरची सगळी काडतुसं घरी नेऊन हातोडीवाल्या पुलरने (गोळी केसमधून ओढून काढायचं साधन) उघडा. नुसत्या प्रायमरच्या चपटेपणावर जाऊ नका, तो खोटं बोलतो. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर जास्त बरं, कारण स्पीड पुस्तकातल्या कमालपेक्षा वर गेला म्हणजे प्रेशरपण गेलंय, फुकट काहीच मिळत नाही. आणि आवाज विचित्र आला, धक्का हलका लागला, तर पुढची मारण्याआधी बोल्ट काढून नळीतून आरपार बघायचंच, गोळी आत अडकलेली असू शकते.

आता ग्रुप. तीन गोळ्यांच्या अर्ध्या इंचाच्या ग्रुपचे फोटो सगळे टाकतात, पण तीन गोळ्यांवरून लोडबद्दल फारसं काही कळत नाही हो, तोच लोड पुन्हा मारला की सव्वा इंच येतो. दोन-तीन बरे वाटणारे लोड निवडा आणि प्रत्येकाचे पाच-पाचचे निदान तीन ग्रुप मारा, वेगवेगळ्या दिवशी. बदल एका वेळी एकच, पावडर बदलली की गोळी बसवायची खोली तीच ठेवा. शिकारी रायफलची नळी पातळ असते, लगेच तापते आणि ग्रुप पसरतो, तेव्हा मध्ये थंड होऊ द्या, तोवर चहा घ्या. आणि थंड नळीतून जाणारी पहिली गोळी कुठे पडते ते दर वेळी वेगळं लिहून ठेवा, कारण हरणावर जाणार ती तीच.

१०० यार्डांवर सातत्याने दीड इंच आला की थांबा. २०० यार्डांवर तो तीन इंच होईल, हरणाचा छातीचा भाग साधारण आठ इंच धरतात. त्याच्या पुढे अर्धा इंच कमी करण्यात घालवायची पावडर बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून मारायच्या प्रॅक्टिसला वापरा, चुका तिथे होतात.

लोड ठरला की सीझनला न्यायचं प्रत्येक काडतूस आधी रायफलमध्ये घालून बघा, रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला. डब्यावर गोळी, पावडर, वजन, प्रायमर, लांबी, पावडरचा लॉट (कारखान्यातली खेप), तारीख, सगळं लिहा, आणि मित्राने कितीही आग्रह केला तरी त्याच्या रायफलसाठी ती देऊ नका, चेंबर (काडतूस बसायची जागा) वेगळं असतं. पावडरचा नवा डबा आणला आणि लॉट बदलला तर थोडं खाली उतरून परत वर यायचं.