आधी बर्फ, मग मेन्यू: कॅम्पिंगचा सोपा स्वयंपाक

सगळा गोतावळा घेऊन तंबू ठोकायला निघालं की स्वयंपाकाचं खातं माझ्याकडे येतं. मी काही सुगरण नाही. पण एका बर्नरपुढे उकिडवं बसून, वारा अडवत आणि ‘मावशी, झालं का?’ ऐकत चार माणसांना पोटभर खाऊ घालायचं कसं, ते मला जमतं.

‘काय काय करायचं?’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, ‘बर्फ कधीपर्यंत टिकेल?’ बर्फ आहे तोवर चिकन, अंडी, चीज, दही. तो वितळला की कोरडा शिधा: तांदूळ, डाळ, पास्ता, बटाटे, कांदे. या क्रमाने जेवणं लावली की निम्मी कटकट घरीच मिटते.

कूलरमध्ये, म्हणजे थंडावा टिकवणाऱ्या पेटीत, बर्फाचे खडे विकत घेऊन ओतू नका, ते भराभर वितळतात. पाण्याच्या बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून फ्रीझरमध्ये गोठवा. मोठा गोळा जास्त टिकतो आणि वितळल्यावर प्यायला पाणी मिळतं. कच्चं मांस घट्ट झाकणाच्या डब्यात, कूलरच्या तळाशी. सरबताच्या बाटल्यांना वेगळा कूलर द्या, कारण मुलं तो दर पाच मिनिटांनी उघडणारच. अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

पहिल्या रात्री तिथे काहीही शिजवू नका. अंधार पडत असतो, तंबूची एक काठी सापडत नसते आणि मुलं भुकेने कावलेली असतात. राजम्याचा किंवा चिकनचा घट्ट रस्सा घरी करून जाड पिशवीत आडवा, सपाट गोठवून न्या. प्रवासात तोच बर्फाचं काम करतो. पोचल्यावर पातेल्यात ओतून चांगला खदखदेपर्यंत गरम करायचा आणि पावाबरोबर वाढायचा. नुसता कोमट करून वाढणाऱ्यांशी माझं पटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी. कवचासकट नेली तर अर्ध्या वाटेत त्यांचं काय होतं ते सांगायला नको. निघायच्या आधी फोडून, फेटून, स्वच्छ बाटलीत भरा, बाटली बर्फात खुपसून ठेवा आणि त्या सकाळीच संपवा. कांदा, मिरची, टोमॅटो घरूनच चिरून आणलेलं असलं की तव्यावर ओतायचं फक्त बाकी राहतं. मीठ मात्र आयत्या वेळी घाला.

आता आमच्याकडचं हुकमी जेवण: मसूर डाळ घातलेला भात. चौघांना दीड वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूर. मसूरच का? तर ती भिजवावी लागत नाही आणि तांदळाबरोबरच शिजते. दोन्ही एकाच पिशवीत मिसळून घरूनच न्या. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कांदा परता, मसाला आणि हळद घाला, हाताला लागतील त्या भाज्या टाका: गाजर, मटार, बटाटा. मग धुतलेले डाळ-तांदूळ दोन मिनिटं परता, साडेचार-पाच वाट्या पाणी आणि मीठ घाला. उकळी आली की आच अगदी मंद करून झाकण ठेवा. दहा-बारा मिनिटांनी पाणी वर दिसेनासं होतं, कडेने बारीक बुडबुडे येतात आणि डाळ बोटाने दाबली की मोडते, पण मधोमध अजून कणी असते. तेव्हा गॅस बंद करा. पातेलं झाकणासकट जाड टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. तेवढ्या वेळात ती कणी आपोआप शिजते आणि बुडाला लागत नाही. गॅसही वाचतो. उरलेला भात बाहेर ठेवून सकाळी गरम करून खायचा मोह मात्र टाळा. त्यातल्या जंतूंनी केलेलं विष गरम करून जात नाही.

पास्त्याला गॅसपेक्षा पाणी जास्त लागतं, आणि पाणी तर आपण वाहून आणलेलं असतं. म्हणून छोट्या आकाराचा पास्ता दीड-दोन तास थंड पाण्यात भिजत घाला आणि खुशाल फिरायला जा. आल्यावर तेच थोडं पाणी ठेवून, वर तयार टोमॅटो सॉस ओतून उकळलं की दोन-तीन मिनिटांत तो शिजतो. चीज उरलं असेल तर किसून टाका.

शेकोटीची परवानगी असेल तर बटाटे. पातळ काप, कांदा, लोणी, मीठ, मिरपूड, सगळं दुहेरी फॉइलमध्ये घट्ट बांधायचं. ही पुरचुंडी ज्याची त्याने बांधावी. स्वतः बांधलेलं मुलं तक्रार न करता खातात. लिंबू आत घालू नका, आंबट पदार्थ फॉइलला खातो, उघडल्यावर पिळा. आणि ज्वाळेत टाकायची घाई नको. लाकडं जळून लाल निखारे झाले, वर राखेचा पांढरा थर आला, की त्यावर ठेवा, मधे एकदा पकडीने उलटा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उघडताना वाफ तोंडावर येते, ते काम मोठ्यांनी करावं. चुलीला नदीतले ओले दगड लावू नका, तापून फुटतात.

उंचावर जाणार असाल तर दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळतं, त्यामुळे अख्खी कडधान्यं तिथे तासभर उकळूनही टणकच राहतात. ती घरूनच शिजवून न्या. थंडीही असेल तर नुसत्या ब्युटेनचा गॅस-डबा घेऊ नका, शून्य अंशाच्या आसपास तो मान टाकतो. प्रोपेन मिसळलेला घ्या.

कितीही पाऊस असो, तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही. आगीचं भय तर आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाऊस लागला तर पाव, चीज आणि काकडी खाऊन झोपावं.

लाकडावर ठेवायच्या पातेल्याला बाहेरून भांड्याच्या साबणाचा हात फिरवा, काजळी नुसत्या पाण्याने निघते. भांडी झऱ्यात विसळू नका. पाणी भरून आणा, साठेक मीटर लांब जाऊन घासा, खरकटं पिशवीत भरून परत न्या.

शेवटच्या सकाळी फक्त पाणी उकळा: मोठ्यांना चहा, मुलांना ओट्स आणि मनुका. ओट्स ज्याच्या त्याच्या मगातच भिजवा, म्हणजे पातेलं आदल्या रात्रीच घासून गाडीत गेलेलं असेल.