ॲपमधून फोनची एकूण रॅम कशी काढायची

फोनच्या खोक्यावर ‘४ जीबी रॅम’ असं छापलेलं असतं आणि ॲपमधून वाचली की ३.६३ येते. कोड बरोबर असला तरी असंच होतं. त्यामुळे हा आकडा कशासाठी हवाय ते आधी ठरवा: माहितीच्या स्क्रीनवर दाखवायला, की जड फीचर चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला?

अँड्रॉइडवर यासाठी कुठलीही परमिशन लागत नाही. गेट-सिस्टिम-सर्व्हिसकडून ॲक्टिव्हिटी-सर्व्हिस मागायची आणि मिळेल ती ॲक्टिव्हिटी-मॅनेजरमध्ये कास्ट करायची. त्याच क्लासमधल्या मेमरी-इन्फोचा रिकामा ऑब्जेक्ट बनवून गेट-मेमरी-इन्फो या मेथडला द्यायचा आणि मग त्यातलं टोटल-मेम वाचायचं. मेथड कॉल करायची राहिली तर उत्तर शून्य येतं. टोटल-मेम हे फील्डच सापडत नाही असं कंपायलर म्हणाला, तर इम्पोर्ट तपासा. डीबग क्लासमध्येही याच नावाचा मेमरी-इन्फो आहे आणि ऑटो-इम्पोर्ट कधीकधी तोच उचलतो.

हे फील्ड एपीआय १६ पासून, म्हणजे अँड्रॉइड ४.१ पासून आहे. त्याआधी प्रॉक फोल्डरमधली मेम-इन्फो फाइल उघडून तिची मेम-टोटल ही ओळ वाचावी लागे. पडताळणीसाठी ती आजही कामाची आहे. समजा तिथे ३८०९०३६ केबी दिसले. इथला केबी १०२४ बाइटचा, म्हणून १०२४ ने गुणा: ३,९०,०४,५२,८६४ बाइट. टोटल-मेमही बाइटमध्येच येतं. १०२४ ने तीनदा भागलं की ३.६३. हाच आकडा फॉरमॅटरच्या फॉरमॅट-फाइल-साइझला दिला, तर अँड्रॉइड ८ पासून तो १००० च्या पटीत मोजतो आणि ३.९० दाखवतो. एकाच ॲपमध्ये दोन स्क्रीनवर दोन आकडे दिसतात ते बहुधा यामुळेच. आणि व्हेरिएबल लाँगच ठेवा: इंटमध्ये २१४ कोटींच्या थोडं पुढेपर्यंतच मावतं, त्यामुळे वरचा आकडा इंटमध्ये कोंबला तर उणे ३९,४५,१४,४३२ होतो.

उरलेली रॅम जाते कुठे? मोडेम, डीएमए बफर (हार्डवेअर थेट वापरतं ती मेमरी) यांसारख्या गोष्टींसाठी काही भाग कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, हाती पडण्याआधीच राखून ठेवलेला असतो. टोटल-मेम फक्त कर्नलला मिळालेली रॅम सांगतं. ‘व्हर्च्युअल रॅम’ म्हणून जाहिरातीत मिळवलेले जादा जीबी यात येत नाहीत. ते स्टोरेजवरचं स्वॅप असतं, म्हणजे रॅमसारखी वापरलेली स्टोरेजची जागा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘टोटल-मेम ४ जीबी किंवा जास्त असेल तरच फीचर चालू’ अशी अट लिहिली, की ४ जीबीचे फोन त्यातून बाद होतात, कारण त्यांचा आकडा चारला कधी पोचतच नाही. सीमा विक्रीच्या दोन आकारांच्या मधे ठेवा. ४ जीबीचे फोन आत हवेत आणि ३ जीबीचे बाहेर, तर अट ३ जीबीची लिहा. खरे ३ जीबीवाले फोन तीनच्या खालीच राहतात. अगदी साध्या फोनसाठी इज-लो-रॅम-डिव्हाइस (एपीआय १९ पासून) वेगळं तपासा.

नुसतं दाखवायचं असेल, तर अँड्रॉइड १४ पासून ॲडव्हर्टाइज्ड-मेम आहे, म्हणजे दुकानात सांगितला जाणारा आकडा. जुन्या फोनवर १, २, ३, ४, ६, ८, १२, १६ अशी यादी ठेवून मिळालेल्या आकड्यापेक्षा मोठा असा पहिला आकार निवडा. नुसतं पुढच्या पूर्णांकावर नेणं धोक्याचं आहे: १०.९ आले तर ११ दिसेल, आणि फोन असतो १२ चा.

एकूण रॅम म्हणजे तुमच्या ॲपला मिळणारी रॅम नव्हे. जावा हीपची (ॲपचे ऑब्जेक्ट राहतात त्या मेमरीची) मर्यादा गेट-मेमरी-क्लास एमबीमध्ये देतं. मॅनिफेस्टमध्ये लार्ज-हीप मागितला असेल तर गेट-लार्ज-मेमरी-क्लास पाहा. रनटाइमचं टोटल-मेमरी हे नाव फसवं आहे: ते फोनची रॅम सांगत नाही, या घडीला व्हीएमने (ॲप चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनने) घेतलेला हीप तेवढा सांगतं. आत्ता किती मोकळी आहे ते अव्हेल-मेममध्ये, आणि सिस्टिम तंगीत आहे का ते लो-मेमरीमध्ये कळतं. मोठे फोटो किंवा व्हिडिओ उघडण्याआधी पाहायचं ते हेच.

आयफोनवर काम आणखी छोटं आहे. प्रोसेस-इन्फोच्या प्रोसेस-इन्फो प्रॉपर्टीतून फिजिकल-मेमरी वाचली की बाइट मिळतात. ॲपला मर्यादेपर्यंत अजून किती घेता येईल हे आयओएस १३ पासून ओएस-प्रॉक-अव्हेलेबल-मेमरी हे फंक्शन सांगतं. चाचणी मात्र खऱ्या फोनवरच करा. सिम्युलेटरमध्ये फिजिकल-मेमरी तुमच्या मॅकची रॅम दाखवते.