केळीच्या कांदेबागेची कापणी सुरू: खांब बांधावर फेकण्याआधी

पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं आणि जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याकडे कांदेबागेचे, म्हणजे गेल्या ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीचे, घड उतरायला लागले. घड गाडीत गेला की मागे उरतो तो खांब, म्हणजे केळीचं खोड. बहुतेक ठिकाणी तो बांधावर किंवा नाल्यात जातो. या खांबातून निघणाऱ्या धाग्याला पर्स, पिशव्या, पट्टे, चपला आणि कापड करणारे कारागीर विचारतात. चेन्नईजवळच्या अनकापुथूरच्या विणकरांनी तर सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) केळीचा धागा घालून साड्या विणल्या आहेत. धागा काढायचा असेल तर हाच हंगाम चांगला, कारण पावसाळ्यात तो नीट वाळत नाही.

आधी हिशेब बघा. खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. 100 किलो खांबातून वाळलेला धागा मिळतो जेमतेम अर्धा ते एक किलो. म्हणून खांब लांब वाहून नेणं परवडत नाही. धागा काढायचं यंत्रच बागेजवळ आणा, आणि एकट्याने विकत घेण्यापेक्षा गटाने घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते उशिरामुळे. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मभर जात नाही, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तोच चीक धाग्यालाही डागतो. पहिल्या वर्षी आम्ही मजूर मिळेनात म्हणून खांब तीन दिवस पडून ठेवले. धागा निघाला, पण तपकिरी आणि ठिकठिकाणी तुटणारा. पिशव्या शिवणाऱ्या ताईंनी तो हातात घेऊन परत दिला. तेव्हापासून सकाळी कापलेला खांब संध्याकाळच्या आत यंत्रावर, हा नियम आम्ही मोडलेला नाही. जेवढा त्या दिवशी संपेल तेवढाच कापा.

पीलबाग, म्हणजे बुंध्याशी फुटलेल्या पिलावर पुढचं पीक, ठेवणार असाल तर खांब जमिनीलगत कापू नका. दोन-अडीच फुटांचा बुंधा राहू द्या, त्यातलं अन्न पिलाला मिळतं. सोंडकिड्याने पोखरलेले खांब धाग्याच्या कामाचे नाहीत. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूरोगाची झाडं तर यंत्रापर्यंत आणूच नका, ती उपटून नष्ट करा.

खांबाची सोपटं, म्हणजे एकावर एक असलेले थर, एकेक करून सोडवा आणि वेगळी ठेवा. बाहेरच्या सोपटांचा धागा जाड आणि राठ, तो दोऱ्या-चटयांना. मधल्यांचा पिशव्या-पट्ट्यांना. आतल्या सोपटांचा धागा मऊ, उजळ आणि कापडाच्या कामाचा असतो. सगळा एकत्र केला की भाव राठ धाग्याचाच मिळतो. सोपट उभं चिरून तीन-चार बोटं रुंद पट्ट्या करा. पट्टी अर्धी यंत्रात सोडून ओढून घ्यायची, मग उलटून दुसरं टोक. गर खरवडला जातो आणि हातात ओला, चकाकणारा झुबका येतो. यंत्रावर बसणाऱ्या बायांनी बांगड्या काढाव्यात, पदर आणि ओढणी घट्ट खोचावी. ही गोष्ट रोज सांगा, रोज तपासा.

झुबका लगेच स्वच्छ पाण्यात दोन वेळा धुऊन पिळा आणि दोरीवर सावलीत, वाऱ्याला टाका. दुपारच्या उन्हात धागा कडक होतो. पूर्ण वाळल्याशिवाय गठ्ठा बांधू नका, आतून बुरशी धरते. गठ्ठे फळीवर ठेवा, फरशीवर नको.

राहिलेला चोथा गांडूळखताला उत्तम. खांबाच्या रसात पालाश भरपूर असतं; नवसारी कृषी विद्यापीठाने या रसापासून द्रवरूप खत तयार केलं आहे. म्हणजे रसही नाल्यात सोडण्यासारखा नाही.

एक कळकळीची विनंती: गिऱ्हाईक ठरल्याशिवाय यंत्रासाठी कर्ज काढू नका. आधी भाड्याच्या किंवा शेजारच्या गटाच्या यंत्रावर पाच-दहा किलो धागा काढा. तिन्ही प्रतींचे वेगळे झुबके बांधा, प्रत्येकावर कापणीची तारीख लिहा आणि ते घेऊन जवळच्या बचत गटाकडे, पिशव्या-चपला करणाऱ्यांकडे, हातमाग विणकरांकडे स्वतः जा. त्यांना किती लांबीचा, कोणत्या प्रतीचा आणि महिन्याला किती किलो लागतो, ते वहीत लिहून घ्या. यंत्र किती मोठं घ्यायचं, ते त्या वहीवरून ठरवा.