गोळ्या वर वर का सरकत होत्या
माझ्या सिंगल-शॉट (एका वेळी एकच गोळी भरायच्या) रायफलचा नेम काही केल्या बसेना. १०० मीटरवर पहिली गोळी मधोमध, दुसरी चार बोटं वर, तिसरी त्याहून वर. आडवा फरक जवळजवळ नाहीच. दुर्बिणीच्या माउंटचे (ती रायफलवर बसवायच्या पकडीचे) स्क्रू घट्ट होते. मग रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी आणि पुढच्या लाकडी दस्त्यामध्ये कागदाची पट्टी सरकवली, ती टोकाशीच अडकली, म्हणजे तिथे लाकूड नळीला टेकत होतं. दस्ता उतरवला तर तिथलं लाकूड दाबून चकचकीत झालेलं! नळी तापली की हा दाब बदलायचा आणि गोळी वर जायची. तेवढाच भाग पॉलिश पेपरने हलकेच घासला (इथे घाई अजिबात नको, गेलेलं लाकूड परत येत नाही) आणि दस्त्याच्या स्क्रूपाशी रबरी ओ-रिंग (गोल कडी) घातली. आता दोन गोळ्यांमध्ये नळी थंड होऊ देतो. परवा पाचही भोकं तळहाताखाली झाकली गेली.