छोट्या ट्रॅक्टरने तळं खोदण्याआधी

आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा, ट्रॅक्टर राहू द्या शेडमध्ये. समजा तळं वरून 12 मीटर लांब, 10 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल करायचंय. चारही बाजूंना एक मीटर खोलीला दोन मीटर ढाळ सोडला की तळाशी उरते 4 बाय 2 मीटरची पट्टी. त्यातून निघते साधारण 107 घनमीटर माती. पण जमिनीत दबून बसलेली माती उकरली की फुगते. पाव पट जास्त धरा, म्हणजे 133 घनमीटर. छोट्या ट्रॅक्टरला पुढे बसवलेल्या लोडरच्या बकेटमध्ये एका वेळी पाव घनमीटर मावली तर 530 च्या वर बकेटा झाल्या. भरायची, मागे घ्यायची, वळवायची, नेऊन ओतायची आणि परत यायचं, याला तीन मिनिटं लागली तर नुसती वाहतूकच 26-27 तासांची. डिझेल तासाला 4 लिटर धरलं तरी शंभर लिटरच्या वर गेलं. हा हिशेब घाबरवायला मांडलेला नाही. एका शनिवार-रविवारात होईल असं मनात असेल तर ते तेवढं काढून टाका. आणि आकडा बघून जेसीबी सांगावासा वाटला तर त्यातही कमीपणा नाही.

तरीही स्वतःच करायचं ठरलं, तर दोन प्रश्नांची उत्तरं आधी तयार हवीत. ही माती जाणार कुठे? आणि खड्ड्यात उतरलेला ट्रॅक्टर बाहेर कसा येणार? बाकी सगळं यांच्या मागून येतं. मी पहिल्या वेळी दोन्हींची उत्तरं खोदता खोदता शोधली. ढीग काठालगतच घातले, दुसऱ्या दिवशी तेच आडवे आले, मग तीच माती दुसऱ्यांदा उचलली. दुसऱ्यांदा उचललेली माती पहिल्यापेक्षा जड लागते, हे ज्याने उचललीय त्यालाच कळतं.

मातीची वाट अशी लावा. वरची 15 सेंटीमीटर काळी, मुळ्या-गवताची माती वेगळी काढा आणि वेगळाच ढीग घाला. ती बांधात, म्हणजे पाणी अडवायला काठावर घालायच्या भरावात, कधीच घालायची नाही. त्यातल्या मुळ्या कुजल्या की बांधाच्या पोटात पोकळ्या होतात आणि पाणी त्यातूनच वाट काढतं. शेवटी बांधाच्या वर आणि बाहेरच्या अंगाला ही माती पसरली की गवत पटकन धरतं. खालची चिकणमाती हाच खरा माल, तिचा ढीग बांधाच्या जागेजवळ. मुरूम, दगड, वाळूची माती तिसरीकडे, रस्त्याला किंवा खळग्यात भरायला. सगळी माती शेतात पसरून टाकू म्हणत असाल तर 133 घनमीटर माती 10 सेंटीमीटर थराने पसरायला 1,330 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे जवळजवळ तेरा गुंठे. तेवढी जागा मोजून, खुंट्या ठोकून ठेवा. कुठलाही ढीग काठापासून निदान दोन मीटर लांब असू द्या. काठावरचं ओझं काठालाच खाली ढकलतं.

पण चिकणमाती आहे की नाही हे कोणी सांगितलं? त्यासाठी परीक्षेचे खड्डे. तळ्याच्या जागेत तीन-चार ठिकाणी, ठरवलेल्या खोलीपेक्षा अर्धा मीटर जास्तच जा. ट्रॅक्टरला मागे बॅकहो, म्हणजे खोदायचा हात, असेल तर तासाभराचं काम, नसेल तर मातीचा गिरमिट किंवा टिकाव-पहार. हाताने खोदत असाल तर छातीएवढ्या उभ्या खड्ड्यात आधाराशिवाय उतरू नका. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते आणि ढासळताना आवाज देत नाही.

प्रत्येक थरातली मूठभर माती घ्या, खडे काढा, पाणी शिंपडून पोळीच्या कणकेइतकी मळा. मग अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी बाहेर सरकवत न्या. बोटावरून लोंबकळत पाच सेंटीमीटरपर्यंत न तुटता आली, वर अंगठ्याचा ठसा चकचकीत उमटला, तर पाणी धरणारी माती मिळाली. दोन-अडीच सेंटीमीटरवर तुटली तर मध्यम. पट्टीच होत नसेल, हाताला खरखर लागत असेल, तर ती वाळू आहे आणि तिच्यात साठवलेलं पाणी तुमचं नाही. खात्री हवी असेल तर काचेच्या बरणीत अर्धी माती आणि अर्धं पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते.

शेवटची परीक्षा खड्ड्याचीच. संध्याकाळी काठोकाठ पाणी भरा. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, ते धरू नका. दुसऱ्यांदा भरा, पातळीशी खूण करा, फळी झाका आणि सकाळी बघा. चार बोटं उतरलं असेल तर काम चालू शकतं. खड्डा रिकामा झाला असेल तर आताच ठरवा की बाहेरून चिकणमाती आणायची, बेंटोनाइट (पाण्याने फुगून भेगा बुजवणारी चिकणमातीची पूड) मिसळायचं की प्लास्टिकचा कागद अंथरायचा. कागद अंथरायचा तर आकार साधा ठेवावा लागतो, तळातले टोकदार दगड वेचावे लागतात आणि काठावर कागद गाडायला चर लागतो. म्हणून हा निर्णय खोदाईच्या आधीचा. आणि खड्ड्यात खालूनच पाणी येत असेल तर आनंदाने उडी मारू नका. भूजलावरचं तळं टिकतं चांगलं, पण ओल्या चिखलात चाकाच्या ट्रॅक्टरचं काम नाही, तो तिथे पोटावर बसतो.

जागा म्हटली की सगळे सखल कोपरा दाखवतात. पाणी तिथेच येतं हे खरं, पण मोठ्या पावसात सगळ्या शिवाराचं तिथेच येत असेल तर ते छोट्या तळ्याला झेपत नाही, बांध घेऊन जातं. ओढ्याच्या पात्रात मुळीच नको. वरून येणारं पाणी थोडं, संथ आणि गवतावरून येणारं हवं, नांगरटीतून आलं तर तळं पाण्यापेक्षा गाळानेच आधी भरेल. घराच्या पायापासून, विहिरीपासून, शौचालयाच्या टाकीपासून दूर. मोठ्या झाडाखाली नको, पानं कुजतात आणि मुळ्या बांध पोखरतात. स्थानिक कार्यालयात परवानगीचं विचारून ठेवा, पाणी अडवण्याचे नियम जागोजागी वेगळे असतात. जमिनीखालून वीज, पाणी, गॅस, फोन यातलं काय जातं ते संबंधितांकडून जागेवर खूण करून घ्या. जुन्या मालकाने टाकलेली पाइपलाइन कोणत्याच नकाशात नसते, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यालाही विचारा. वरून तारा जात असतील तर ती जागाच सोडा, उचललेली बकेट आपण समजतो त्यापेक्षा उंच जाते.

आता आखणी. खुंट्या, सुतळी, चुन्याची फक्की आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी एवढं पुरतं. नळीतले बुडबुडे काढा, एक टोक तुम्ही धरा, दुसरं जोडीदाराकडे, आणि काठाच्या प्रत्येक खुंटीवर एकाच पातळीची रेघ मारा. डोळ्याला सपाट वाटणारी जमीन दहा मीटरमध्ये सहज फूटभर उतरलेली असते. तळं भरल्यावर एका बाजूला पाणी काठाला टेकतं आणि दुसऱ्या बाजूला उघडी माती दिसते, तेव्हा नळी आठवून उपयोग नसतो. याच वेळी सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची, जागा पक्की करा. सांडवा बांधावरून काढायचा नाही, बांधाच्या कडेला, न खोदलेल्या घट्ट जमिनीतून, रुंद आणि उथळ, गवत लावलेला. त्यावरून पूर्ण पाणी वाहत असतानाही बांधाचा माथा निदान 30 सेंटीमीटर वर उरला पाहिजे. नवा भराव बसतो, म्हणून बांध हवा त्यापेक्षा दहाव्या हिश्श्याने उंच बांधा.

दुसरा प्रश्न रॅम्पचा, म्हणजे ट्रॅक्टर खड्ड्यातून वर यायच्या उताराचा. कडेचा एकास दोन ढाळ पाण्यासाठी ठीक आहे, भरल्या बकेटीने चढायला नाही. ट्रॅक्टरची वाट एकास चार किंवा त्याहून सौम्य हवी, म्हणजे 2 मीटर खोलीला 8 मीटर लांब. वरच्या आकारात ढाळ चारच मीटरचा होता, म्हणून रॅम्प तळ्याच्या बाहेर आणखी चार मीटर जातो. रुंदी अडीच मीटर धरली तर त्याचीही दहाएक घनमीटर माती निघते, म्हणजे आणखी पन्नास बकेटा. रॅम्प लांबीच्या दिशेला, बांधाच्या विरुद्ध टोकाला आणि ढिगांकडे तोंड करून असावा. पुढे हाच उथळ उतार म्हणून राहू द्या. पाण्यात पडलेलं मूल, कुत्रं किंवा हरिण इथूनच वर येतं.

ट्रॅक्टरची तयारी थोडक्यात उरकता येणार नाही, कारण लोडर हे सैल माती उचलायचं साधन आहे, खोदायचं नाही. घट्ट जमिनीत बकेट रेटली तर आधी चाकं फिरतात, मग लोडरचे हात पिळतात. म्हणून मागे सबसॉयलर (घट्ट जमीन खोलवर फोडणारा फाळ) किंवा मजबूत कल्टिव्हेटर हवा. 15-20 सेंटीमीटर फोडायचं, उचलायचं, पुन्हा फोडायचं. बकेटच्या ओठाला दातांची पट्टी लावून घ्या, कामाचा वेळ बघता ती सर्वात वसूल होणारी वस्तू. बकेट पूर्ण उलटी करून मागे ओढत माती सपाट करायची सवय असेल तर सोडा. त्या स्थितीत सिलिंडरचे दांडे पूर्ण बाहेर असतात आणि एका दगडाला अडले की वाकतात.

मागचं वजन विसरू नका. भरलेली बकेट पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाकं हलकी होतात. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांवर असतात. उतारावर मागची चाकं उचलली गेली की ब्रेक दाबूनही काही होत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढं वजन मागे जोडा, फोर-व्हील घातलेलीच ठेवा, जेणेकरून पुढची चाकंही थांबवायला मदत करतील. बकेट गुडघ्याच्या खाली ठेवून चला. उताराला सरळ चढा-उतरा, आडवं कधी जाऊ नका. सुरक्षा कमान, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी सीटमागची चौकट, उभी आणि पट्टा बांधलेला. कमान दुमडलेली असेल तर पट्टा बांधायचा नाही, पण या कामात ती दुमडायचं कारणच नाही. ट्रॅक्टरचा तोल हा मागच्या ढुंगणाला कळतो, डोळ्यांना उशिरा.

रोज सुरू करण्याआधी हायड्रॉलिकचं तेल, इंजिनचं तेल, कूलंट, पुढच्या टायरांची हवा आणि चाकांचे नट बघा. होजवर, म्हणजे हायड्रॉलिकच्या नळ्यांवर, घासल्याच्या खुणा शोधा. लोडरच्या पिनांना रोज ग्रीस मारा. धुळीत रेडिएटरची जाळी दिवसातून दोनदा झाडावी लागते, तापमानाचा काटा वर सरकला तर आधी तिथेच बघा. जवळ ठेवायच्या वस्तूंत एक जादा होज, ग्रीस गन, शिअर बोल्ट (जोर जास्त झाला की आधी तुटून अवजार वाचवणारे), भक्कम साखळी, फावडी, घमेली, पहार, पंप आणि प्यायचं पाणी धरा. आणि एक माणूस, जो फोनमध्ये डोकं घालून बसणार नाही. मुलांना दोरीच्या बाहेर ठेवणं त्याचंच काम.

वेळ निवडताना माती हातात घ्या. वाळून ठणठणीत झालेली चिकणमाती दाताला दाद देत नाही, ओली असली तर बकेट सोडत नाही. मुठीत दाबल्यावर गोळा होतो पण हाताला चिकटत नाही, त्या आठवड्यात काम काढा. रात्री पाऊस आला तर सकाळी आधी पंप, मग चहा, ट्रॅक्टर दुपारनंतर. आणि ट्रॅक्टर रात्री खड्ड्यात कधीच उभा करू नका.

बांधाखाली आधी चर खणून तो चिकणमातीने भरा, म्हणजे बांध जमिनीवर नुसता ठेवलेला राहत नाही, जमिनीत रुततो. भराव 15 सेंटीमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर किंचित ओला करून. ट्रॅक्टरच्या चाकांनी पुन्हा पुन्हा दाबा, कोपऱ्यांत धुम्मस वापरा. एकदम मीटरभर ढीग ओतून वरून फिरलात तर वरची वीतभरच दबते आणि आतली माती पहिल्या भरतीला पाणी सोडते. तळाला आणि कडांनाही हेच करायचं, निदान 30 सेंटीमीटर जाडीचं अस्तर दोन थरांत.

आणि तळ गुळगुळीत करून ट्रॅक्टर वर आणला की रॅम्पच्या टोकाला तो आडवा लावायच्या आधी एकदा खाली बघा. माझा पंप, होजसकट, तिथेच राहिला होता.