बास्केटबॉलचा हंगाम टाळेबंदीत अडकला तर: सोलापूरच्या चाहत्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग असलेल्या एनबीएचे संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील पगार व अटींचा करार संपत आला की हंगाम वेळेवर सुरू होईल की नाही, ही चर्चा सुरू होते. पहाटे पाच-साडेपाचला मोबाइलवर सामना लावायचा आणि तो संपला की कॉलेज, दुकान किंवा कारखाना गाठायचा, असा दिनक्रम असलेले बास्केटबॉलप्रेमी सोलापुरातही आहेत. अशा बातमीवर त्यांच्यापैकी बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया एकच असते: कोट्यवधी कमावणाऱ्यांचे हे आपसांतले भांडण आहे आणि दोन्ही बाजू सारख्याच हावरट आहेत. हा वैताग स्वाभाविक आहे. मात्र तेवढ्यावर थांबणाऱ्या चाहत्याला पुढचे चार-पाच महिने नेमके काय घडते आहे हे कळत नाही, आणि त्याचा राग भलत्याच माणसावर निघतो. म्हणून काय पाहावे, केव्हा पाहावे आणि आपली नाराजी कुठे नोंदवावी, हे येथे सविस्तर मांडतो.

सर्वप्रथम काम कोणी थांबवले आहे ते तपासावे. जुनी मिल आणि लक्ष्मी-विष्णू मिल यांच्या आठवणी ज्या शहरात अजून घरोघरी निघतात, तेथे मालकाने फाटकाला कुलूप लावणे, म्हणजे टाळेबंदी, आणि कामगारांनी संपावर जाणे यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही. १९९८ आणि २०११ या दोन्ही वर्षी एनबीएचे सामने बुडाले ते मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीमुळे; खेळाडूंनी संप केला नव्हता. त्यामुळे ‘खेळाडूंनी खेळायला नकार दिला’ असे कोणी म्हणत असेल, तर ते वस्तुस्थितीला धरून नाही हे त्याला शांतपणे सांगावे. टाळेबंदीत पगार थांबतो, संघाची व्यायामशाळा आणि वैद्यकीय मदत बंद होते, प्रशिक्षकांना खेळाडूंशी संपर्क ठेवता येत नाही. १ जुलै २०११ रोजी टाळेबंदी सुरू होताच लीगच्या संकेतस्थळावरून खेळाडूंची छायाचित्रेही काढून टाकण्यात आली होती. ज्यांच्या नावावर हा खेळ जगभर विकला जातो तेच रातोरात दिसेनासे झाले, यावरून कुलूप कोणाच्या हातात होते ते कळते.

त्यानंतर दिनदर्शिका समोर ठेवावी. करार साधारणतः ३० जूनला संपतो आणि जुलै ते सप्टेंबर या काळात सामने नसतातच, म्हणून आषाढ-श्रावणात येणाऱ्या बातम्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. या काळात दोन्ही बाजू एकमेकांची ताकद जोखत असतात. खरी कसोटी सप्टेंबरअखेरच्या सराव शिबिरांपासून सुरू होते. २०११ मध्ये १० ऑक्टोबरला हंगामाचे पहिले दोन आठवडे रद्द झाले, महिनाअखेरीस संपूर्ण नोव्हेंबर गेला. खेळाडूंच्या पगाराचा पहिला हप्ता १५ नोव्हेंबरच्या सुमारास पडतो. तो चुकला की दबाव त्यांच्या घरापर्यंत पोहोचतो, आणि मालक नेमकी याच दिवसाची वाट पाहत असतात. मालकांना घाई होते ती नाताळ जवळ आल्यावर, कारण २५ डिसेंबरचे सामने हा त्यांच्या दूरदर्शन-उत्पन्नाचा मोठा दिवस असतो. त्या वर्षी २६ नोव्हेंबरला समझोता झाला आणि ६६ सामन्यांचा हंगाम बरोबर नाताळच्या दिवशी सुरू झाला, हा योगायोग नव्हता. १९९८-९९ मध्ये मात्र ताणाताणी ६ जानेवारीपर्यंत चालली, आणि आपल्याकडे गड्डा यात्रेची तयारी सुरू असताना ८२ ऐवजी ५० सामन्यांचा हंगाम ठरला.

आता पैशांकडे यावे, कारण वादाचे मूळ तेथेच असते आणि चाहते नेमका हाच भाग टाळतात. कागद-पेन्सिल घेऊन एकदा हिशोब करून पाहावा. २०११ च्या आधी बास्केटबॉलशी संबंधित उत्पन्नाचा ५७ टक्के वाटा खेळाडूंना मिळत असे आणि हे उत्पन्न वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलर होते. म्हणजे एक टक्का सुमारे ४ कोटी डॉलरचा. तीस संघांपैकी बावीस संघ तोट्यात असून एकूण तोटा ३० कोटी डॉलरच्या घरात आहे, असे मालक सांगत होते. खेळाडूंचा वाटा ५७ वरून ५० वर आणला तर सात टक्के, म्हणजे २८ कोटी डॉलर मालकांकडे वळतात. मालकांनी सांगितलेला तोटा आणि त्यांनी मागितलेली कपात जवळजवळ जुळते. म्हणजे तो संपूर्ण तोटा खेळाडूंच्या वाट्यातून भरून काढायचा होता. संघटनेला तोट्याचे आकडेच मान्य नव्हते. शेवटी वाटा ४९ ते ५१ टक्क्यांच्या दरम्यान ठरला. आधी उत्पन्न किती, मग वाटा किती, मग मागणी किती, या क्रमाने आकडे मांडले की वर्तमानपत्रातले अर्धे गोंधळ आपोआप निवळतात.

१९९८ चा वाद थोडा निराळा होता. केव्हिन गार्नेट याला १९९७ मध्ये सहा वर्षांसाठी १२.६ कोटी डॉलरचा करार मिळाला आणि एकेका खेळाडूच्या पगारावर मर्यादा हवी, असा आग्रह मालकांनी धरला. अशी मर्यादा त्या समझोत्यात आली आणि ती आजही आहे. याचा अर्थ असा की एका टाळेबंदीत ठरलेली गोष्ट पुढच्या पिढीतल्या खेळाडूंनाही बांधून ठेवते. ‘लवकर मिटवा आणि खेळा’ असे म्हणताना आपण त्यांच्याकडून काय मागतो आहोत, याचे भान चाहत्याने ठेवावे.

वाटाघाटींच्या काळातील विधाने तोलून वाचावीत. १४ नोव्हेंबर २०११ रोजी खेळाडूंनी मालकांचा प्रस्ताव फेटाळला, संघटना म्हणून वाटाघाटी करणेच सोडून दिले आणि न्यायालयाचा मार्ग धरला. त्या दिवशी हंगाम संपला असेच सर्वांना वाटले. प्रत्यक्षात बारा दिवसांत समझोता झाला. तो न्यूयॉर्कमध्ये पहाटे साडेतीनच्या पुढे जाहीर झाला, तेव्हा सोलापुरात शनिवारची दुपार होती. अर्थात प्रत्येक वेळी असे होईल याची हमी नाही. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगचा २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत वाया गेला होता.

नाराजी कुठे आणि कशी नोंदवावी, हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. १९९८ मध्ये चाहत्यांचा रोष मोठ्या प्रमाणात खेळाडूंवर होता. खेळाडूंनी डिसेंबरमध्ये अटलांटिक सिटीत मदतनिधीसाठी प्रदर्शनीय सामना ठरवला आणि त्यातील काही रक्कम गरजू खेळाडूंना देण्याची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. सामने सुरू झाल्यावरही प्रेक्षक आणि दूरदर्शनचे दर्शक घटले. याउलट १९ जुलै २०२५ रोजी इंडियानापोलिस येथे डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमधील निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यापूर्वी महिला खेळाडूंनी ‘आमचे देणे आम्हाला द्या’ अशा आशयाचे शर्ट घातले, आणि लीगच्या आयुक्त कॅथी एंगलबर्ट नफीसा कॉलियरला सर्वोत्तम खेळाडूचा करंडक देत असताना ‘त्यांना पैसे द्या’ अशा घोषणांनी प्रेक्षागृह दणाणून गेले. प्रेक्षक केवळ रुसून बसतो असे नाही. हिशोब समजला तर तो बाजूही घेतो.

आपण तर तेथील प्रेक्षागृहात नसतो. आपल्या हाती असते ते मोबाइलवर सामने पाहण्यासाठी भरायच्या वर्गणीचे पैसे. म्हणून हंगाम धोक्यात असताना वर्षभराची वर्गणी आधी भरू नये, महिन्याची सोय असेल तर ती घ्यावी. भरली असेल तर बुडालेल्या सामन्यांचा परतावा ग्राहक म्हणून लेखी मागावा आणि पत्राची प्रत जपून ठेवावी. खेळाडूंच्या समाजमाध्यमांवर जाऊन शिव्या देऊ नयेत. त्यातून मालकांवर कोणताही दबाव येत नाही.

एक गोष्ट चर्चेत सहसा येत नाही. सामने बुडतात तेव्हा तारांकित खेळाडू तुर्कस्तानात जाऊन खेळू शकतो, जसा २०११ मध्ये डेरॉन विल्यम्स बेशिक्ताश संघाकडून खेळला. पण प्रेक्षागृहात खाद्यपदार्थ विकणारे, दारावर तिकिटे तपासणारे, साफसफाई करणारे यांची रोजची मजुरी सामन्यावर अवलंबून असते आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्यांची खुर्ची नसते. यंत्रमागाचा खटका बंद राहिला की त्या आठवड्याच्या मजुरीचे काय होते, हे पूर्व भागातल्या घरांना सांगावे लागत नाही. म्हणून मित्रमंडळात हा विषय निघेल तेव्हा या लोकांचा उल्लेख आवर्जून करावा.

रिकाम्या पहाटेचे काय करायचे, हे फार अवघड नाही. टाळेबंदीच्या काळात, १ ऑगस्ट २०११ रोजी, केव्हिन ड्युरंटने न्यूयॉर्कच्या रकर पार्कमधील उघड्या कोर्टवर ६६ गुण केले होते. आपल्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या कोर्टवर परवानगी काढून पहाटेचा खेळ सुरू करावा. ऑक्टोबरपासूनची सोलापूरची सकाळ त्यासाठी उत्तम असते. युरोपातील सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर होतात, त्यामुळे ज्यांना सकाळी कामावर जायचे आहे त्यांनी ते दुसऱ्या दिवशी पाहावेत.

हंगाम उशिरा सुरू झाला तर पहिल्या महिन्यातील खेळावरून मत बनवू नये. सामने दाटीने होतात, पाय जड असतात, क्रमवारी फसवी ठरते. १९९९ मध्ये विभागात आठव्या क्रमांकावर राहिलेला न्यूयॉर्क निक्सचा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि सॅन अँटोनियो स्पर्सकडून हरला.

एनबीएचा सध्याचा करार २०२९-३० च्या हंगामापर्यंत आहे. मात्र २०२८-२९ नंतर त्यातून बाहेर पडण्याची मुभा दोन्ही बाजूंना आहे. २०२९ च्या उन्हाळ्यात वार्षिक वर्गणीचे नूतनीकरण आपोआप होणार नाही, अशी सोय आधीच करून ठेवावी.